संगीत मानापमान कसे ऐकावे, कसे पाहावे? ध्वनिमुद्रणे आणि प्रयोग समजून घेण्यासाठी

अमेरिकेत जॉर्ज गर्श्विन यांचा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा १९३५ साली रंगमंचावर आला. त्यातले 'समरटाइम' हे गाणे आज जगभर ओळखीचे आहे. मात्र ते गाणारे आणि ऐकणारे बहुतेक लोक मूळ ऑपेराला कधी गेलेले नसतात. एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रिकेतून किंवा माइल्स डेव्हिस यांच्या ट्रम्पेटमधून ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेले असते. गाणे नाटकापेक्षा मोठे झाले आणि नाटक मागे राहिले.

मराठीत हेच 'संगीत मानापमान'च्या बाबतीत झाले आहे. 'खरा तो प्रेमा' किंवा 'शूरा मी वंदिले' ही पदे रेडिओवर, गणेशोत्सवात, गाण्याच्या परीक्षेत आणि आता मोबाइलवर सतत ऐकू येतात. पण ती कोण म्हणते, कोणाला म्हणते आणि का म्हणते, हे विचारले तर अनेकांना सांगता येत नाही. या लेखात नाटकाची ओळख, त्याच्या ध्वनिमुद्रणांमधले फरक आणि प्रयोग पाहताना लक्ष कुठे द्यावे, याची माहिती दिली आहे. शास्त्रीय संगीत शिकलेले नसले तरी ती उपयोगी पडेल.

थोडक्यात माहिती

नाटक : संगीत मानापमान
लेखक आणि पदरचना : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८)
संगीत : गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५)
पहिला प्रयोग : १२ मार्च १९११, मुंबई
नाटक मंडळी : किर्लोस्कर नाटक मंडळी
पहिल्या संचातील मुख्य नट : बालगंधर्व (भामिनी), नानासाहेब जोगळेकर (धैर्यधर), गणपतराव बोडस (लक्ष्मीधर)

संगीत नाटक म्हणजे ऑपेरा का?

अगदी तसे नाही. पाश्चात्त्य ऑपेरात बहुतेक सगळे संवाद गायले जातात. मराठी संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि ठरावीक जागी पात्र पद गाते. त्या दृष्टीने ते ऑपेरापेक्षा ब्रॉडवेच्या संगीत नाटकाला जास्त जवळचे आहे. फरक असा की ब्रॉडवेवर गाण्याची चाल आणि लांबी ठरलेली असते. मराठी संगीत नाटकात गायक नट त्याच पदाचा विस्तार रोज वेगळा करू शकतो. एका रात्री पाच मिनिटांत संपलेले पद दुसऱ्या रात्री पंधरा मिनिटेही चालते. प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला तर पुन्हा सुरू होते.

ही परंपरा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल'ने १८८० साली पुण्यात रुजवली. १८८२ साली 'संगीत सौभद्र' आले. या सुरुवातीच्या नाटकांत पदांची संख्या मोठी होती आणि चाली साकी, दिंडी, ओवी, लावणी अशा लोकांच्या कानात आधीच बसलेल्या प्रकारांवर बेतलेल्या होत्या. कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला त्या लगेच आपल्याशा वाटत.

'मानापमान'ने यात मोठा बदल केला. पदे कमी झाली, पन्नासच्या आसपास आली, आणि प्रत्येक पदाला गाण्यासाठी जागा जास्त मिळाली. टेंबे उत्तम हार्मोनियमवादक होते आणि उत्तर हिंदुस्थानी ठुमरी, दादरा, कजरी या गायनप्रकारांचा त्यांचा कान पक्का होता. बनारस आणि लखनौकडचा तो रंग त्यांनी मराठी पदांत आणला. एका परीने मराठी प्रेक्षकाला रागदारीची गोडी लावण्याचे काम गाण्याच्या बैठकींइतकेच या नाटकाने केले.

गोष्ट काय आहे?

पदे समजण्यासाठी गोष्ट माहीत असणे फार गरजेचे आहे. ती थोडक्यात अशी.

धैर्यधर हा शूर सेनापती आहे, पण घरचा गरीब. भामिनी ही श्रीमंत बापाची लेक. तिच्या वडिलांना धैर्यधर जावई म्हणून पसंत आहे. भामिनी मात्र त्याच्या गरिबीवरून त्याचा अपमान करते आणि लग्नाला नकार देते. दुसरीकडे लक्ष्मीधर हा दागिन्यांनी मढलेला, पैशाचा तोरा मिरवणारा आणि मनाने अत्यंत भित्रा तरुण आहे. पुढे भामिनी दागिने आणि भरजरी वस्त्रे उतरवून 'वनमाला' या साध्या मुलीच्या वेशात धैर्यधराच्या छावणीजवळ राहते. तिथे तिला त्याचे शौर्य आणि स्वभाव जवळून दिसतो. तो वनमालेच्या प्रेमात पडतो. जिने अपमान केला ती भामिनी आणि जिच्यावर आपण प्रेम करतो ती वनमाला एकच आहेत, हे त्याला ठाऊक नसते. शेवटी उलगडा होतो.

नाटकाच्या नावातच त्याचा प्रश्न आहे : माणसाला मान कशामुळे मिळावा, पैशामुळे की कर्तृत्वामुळे? खाडिलकर हे लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'तले. त्यांच्या 'कीचकवध' नाटकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. त्यानंतर वर्षभरात आलेले 'मानापमान' वरवर पाहता प्रेमाची सुखान्त गोष्ट आहे. पण धनापेक्षा शौर्य मोठे, हा त्यातला सूर त्या काळच्या प्रेक्षकाने नुसता लग्नापुरता ऐकला असेल, असे मानणे कठीण आहे.

आजच्या प्रेक्षकाला एक गोष्ट खटकूही शकते. परीक्षा भामिनीची होते, नमते तीच घेते. धैर्यधराला आपला राग तपासावा लागत नाही. हा आक्षेप रास्त आहे. चांगल्या प्रयोगात भामिनी करणारी अभिनेत्री याचे उत्तर आपल्या पद्धतीने देते. तिचा बदल हा पराभव वाटतो की तिने स्वतः शोधून काढलेली गोष्ट वाटते, हे तिच्या गाण्यावर आणि बोलण्यावर ठरते. प्रयोग पाहताना हे जरूर तपासून पाहावे.

प्रयोगाच्या इतिहासातल्या दोन तारखा

१२ मार्च १९११. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. तरीही त्यांनी प्रयोग थांबवला नाही आणि भामिनी उभी केली. ही घटना मराठी रंगभूमीवर आजही सांगितली जाते. २०११ सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटामुळे ती नव्या पिढीलाही माहीत झाली.

८ जुलै १९२१. मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गांधीजींनी देशभर एक कोटी रुपये जमवण्याचे आवाहन केले होते. त्या फंडाला मदत म्हणून गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या स्पर्धक मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघेही लोकप्रियतेच्या शिखरावर होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले. कोल्हापूरचे नाट्यगृह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या नाट्यगृहाला मोठी आग लागली.

त्या संयुक्त प्रयोगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण आपण तो ऐकू शकत नाही. अख्ख्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करण्याची सोयच तेव्हा नव्हती. आपल्याकडे जे उरले आहे ते तबकड्यांवरचे तुकडे. ते कसे तयार झाले हे समजले की त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी, हेही कळते.

तबकडीने काय दिले, काय घेतले?

जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर दहा-पंधरा मिनिटे फुलणारे पद या मर्यादेत बसवावे लागे. त्यातून चार बदल झाले.

१. आलाप जवळजवळ गेले. गायक थेट मुखड्यावर येतो.
२. ताना आणि हरकती दाटीवाटीने आल्या. तीन मिनिटांत आपले सगळे दाखवायचे असल्याने गाणे अनेकदा रंगमंचावरच्यापेक्षा घाईचे वाटते.
३. पदाच्या आधीचा संवाद गेला. पात्र कोणत्या मनःस्थितीत आहे, हे ऐकणाऱ्याला स्वतःच आठवावे लागते.
४. प्रेक्षक गेला. दाद, वन्स मोअर, त्यावर गायकाने केलेली नवी जागा यांतले काहीच तबकडीत नाही.

१९२५ नंतर मायक्रोफोन वापरून विजेवर ध्वनिमुद्रण होऊ लागले. त्याआधी गायकाला मोठ्या भोंग्यासमोर तोंड करून जोरात गावे लागे. साथीची वाद्ये दूर आणि पुसट ऐकू येत. त्यामुळे एखादे जुने ध्वनिमुद्रण कर्कश किंवा सपाट वाटले, तर तो दोष गायकाचा असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. सगळ्या तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झालेल्या नव्हत्या. इंटरनेटवर चढवताना तबकडी थोडी जलद फिरली तर आवाज वरच्या पट्टीत आणि बारीक होतो, हळू फिरली तर जड होतो. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगळ्या पट्टीत ऐकू आल्या तर कारण बहुधा हेच असते.

असे असले तरी तबकडीचे उपकार मोठे आहेत. मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, बडोदे या पट्ट्यात फिरणाऱ्या मंडळ्यांचे नाटक ज्यांच्या गावी कधी आलेच नाही, त्यांना हे संगीत तबकडीमुळे आणि नंतर आकाशवाणीमुळे मिळाले. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव घ्या. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. आजही संगीत नाटकाचा प्रयोग पाहायचा तर परभणी, नांदेड किंवा त्याहून लांबच्या शहराकडे डोळे लावावे लागतात. अशा गावातल्या श्रोत्यासाठी ध्वनिमुद्रण हेच नाटक असते. म्हणून ते नीट ऐकण्याची रीत माहीत असणे त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

या भागातल्या श्रोत्याची एक जमेची बाजू आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. कीर्तन, भारूड, गोंधळ हे कानावरून गेलेल्या माणसाला शब्द स्पष्ट उच्चारून, त्यांतला भाव धरून गाणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. नाट्यपदाचा पाया नेमका तोच आहे.

कोणाचे ध्वनिमुद्रण कशासाठी ऐकावे?

'मानापमान'ची पदे गेल्या शंभर वर्षांत असंख्य जणांनी गायली. सुरुवात करताना पुढचे चार आवाज पुरेसे आहेत. चौघांचा स्वभाव वेगळा आहे.

बालगंधर्व (१८८८–१९६७)

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. भामिनीची 'नाही मी बोलत', 'खरा तो प्रेमा', 'मला मदन भासे' ही पदे त्यांच्या आवाजात आधी ऐकावीत. कारण ही भूमिका त्यांनीच घडवली. त्यांचे गाणे वरवर सोपे वाटते. आवाजाचा जोर नाही, तानांची आतषबाजी नाही. लक्ष द्यायचे ते तीन गोष्टींकडे : शब्द कसा सोडला आहे, एखाद्या अक्षरावर किती रेंगाळले आहे आणि ताल किती सहज सांभाळला आहे. ते लयीच्या मागे धावत नाहीत. लयीवर बसलेले असतात. 'नाही मी बोलत'मधला लटका रुसवा ऐकताना बोलणे कुठे संपते आणि गाणे कुठे सुरू होते, ते ओळखून पाहा. अवघड जाईल.

त्यांच्या साथीकडेही कान द्यावा. गंधर्व मंडळीत हार्मोनियमच्या जागी ऑर्गन, म्हणजे पायपेटी आली. तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असे मोठे कलाकार अनेक वर्षे होते. ऑर्गनचा भरीव, लांबणारा सूर हा पुढे संगीत नाटकाचा ओळखीचा आवाजच झाला.

मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२)

बालगंधर्वांनंतर लगेच दीनानाथ ऐकले की दोन टोके कळतात. दीनानाथांचे गाणे तेजस्वी, वेगवान आणि धक्के देणारे आहे. तान अनपेक्षित ठिकाणाहून उठते, वरच्या सुरावर जाऊन क्षणात खाली कोसळते. 'रवि मी', 'चंद्रिका ही जणू', 'शूरा मी वंदिले' ही त्यांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध आहेत. त्यांनी रूढ चाली जशाच्या तशा ठेवल्या नाहीत, आपल्या गळ्याला आणि स्वभावाला साजेसे बदल केले. त्यामुळे एकच पद दोन ठिकाणी वेगळ्या चालीत ऐकले तर गोंधळून जाऊ नये. धैर्यधर हा अपमान झालेला सेनापती आहे, हे दीनानाथांच्या आवाजात गोष्ट न सांगताही समजते.

छोटा गंधर्व (१९१८–१९९७)

सौदागर नागनाथ गोरे हे त्यांचे नाव. त्यांचा धैर्यधर दीनानाथांपेक्षा अगदी वेगळा आहे. आवाज गोड आणि नाजूक. एका ओळीभोवती ते इतक्या तऱ्हांनी फिरतात की ओळ संपूच नये असे वाटते. 'या नवनवल नयनोत्सवा' आणि 'दे हाता शरणागता' ही पदे त्यांच्याकडून ऐकावीत. इथे सेनापतीपेक्षा प्रेमात पडलेला माणूस पुढे येतो. धैर्यधराचे हे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही नाटकात आहेत.

जयमाला शिलेदार (१९२६–२०१३)

पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा काळ मागे पडल्यावर भामिनी स्त्रीच्या आवाजात कशी ऐकू येते, हे जयमालाबाईंच्या ध्वनिमुद्रणांतून कळते. त्या बालगंधर्वांच्या गायकीच्या वारसदार मानल्या जातात. जयराम शिलेदार यांच्यासोबत त्यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था चालवली आणि संगीत नाटकाला उतरती कळा लागलेली असतानाही प्रयोग चालू ठेवले. त्यांची कन्या कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) यांनी तेच काम पुढे नेले. २०१८ साली त्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या.

यानंतर वसंतराव देशपांडे ऐकावेत. दीनानाथांचा ठसा त्यांच्या गाण्यावर स्पष्ट आहे, पण ते कोणाची नक्कल करत नाहीत. आशा भोसले यांनी गायलेले 'शूरा मी वंदिले' वडिलांच्या ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहे.

एक पद ऐकण्याची पाच पायऱ्यांची रीत

राग ओळखता येत नसेल तरी चालते. पुढची रीत कोणत्याही नाट्यपदाला लावता येते.

१. आधी पद वाचा. शब्द समोर असू द्या. जुनी मराठी असल्याने एक-दोन शब्द अडतील. त्यांचा अर्थ पाहून घ्या. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर बहुतेक पदे गायक, संगीतकार आणि रागाच्या नोंदीसह मिळतात.

२. प्रसंग आठवा. पद भामिनीचे आहे की धैर्यधराचे? भामिनी त्या वेळी श्रीमंत लेकीच्या वेशात आहे की वनमालेच्या? समोर कोण आहे? तोंडाने म्हणते ते आणि मनात आहे ते एकच आहे का? 'मानापमान'मध्ये अनेकदा ते एक नसते.

३. पहिल्यांदा नुसते ऐका. मोबाइल बाजूला ठेवून, शक्यतो हेडफोन लावून. जुन्या तबकडीची खरखर पहिली अर्धी मिनिट त्रास देते, मग कान तिला विसरतो.

४. दुसऱ्यांदा मुखड्यावर लक्ष ठेवा. पहिली ओळ परत परत येते. प्रत्येक वेळी ती कशी बदलते ते मोजा. शब्द तेच, पण जोर वेगळ्या शब्दावर पडतो आणि अर्थ थोडा सरकतो. नाट्यसंगीतातला अभिनय इथेच असतो.

५. तिसऱ्यांदा दुसऱ्या गायकाचे तेच पद लावा. कोण चांगले, हे लगेच ठरवू नका. दोघांनी पात्राचा कोणता स्वभाव उचलला, एवढेच विचारा.

नाट्यपद आणि बैठकीतले गाणे यांतला फरकही इथेच लक्षात येतो. बैठकीत रागाचे सौंदर्य दाखवणे मुख्य असते. नाटकात तान कितीही सुंदर असली तरी ती पात्राला शोभली पाहिजे. रडवेल्या प्रसंगात गायकाने टाळ्यांसाठी तानांची बरसात केली तर गाणे जिंकते आणि नाटक हरते. संगीत नाटकावर ही टीका जुन्या काळापासून होत आली आहे आणि ती पुष्कळदा खरीही होती. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत लांबण्याचे एक कारण हेच होते.

प्रत्यक्ष प्रयोग पाहताना

व्यावसायिक रंगभूमीवर संगीत नाटके आता कमी होतात. तरी पुण्या-मुंबईच्या आणि गोव्यातल्या संस्था जुनी नाटके अधूनमधून करतात. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते. तिथे हौशी संघ कमी खर्चात जुनी नाटके उभी करतात. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाने अशा स्पर्धांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवणे फायद्याचे आहे, कारण तिकीट अगदी स्वस्त असते. प्रयोगाला गेल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

नांदी. 'नमन नटवरा' ही या नाटकाची नांदी सगळा संच मिळून गातो. नांदीत आवाज एकमेकांत मिसळले, ताल नीट बसला, तर पुढच्या प्रयोगाची तयारी चांगली आहे, असे समजायला हरकत नाही.

संवादातून पदात जाणे. ही सर्वांत अवघड जागा. वाईट प्रयोगात नट बोलायचा थांबतो, ऑर्गनवाल्याकडे पाहतो, सूर लावतो आणि मग गातो. चांगल्या प्रयोगात शेवटचे वाक्य बोलतानाच आवाज सुराकडे झुकलेला असतो.

लक्ष्मीधर. हे पात्र गाण्याच्या चर्चेत नेहमी विसरले जाते. गणपतराव बोडसांनी ते इतके गाजवले की गद्य नट गायक नटांइतकाच लोकप्रिय होऊ शकतो, हे दिसून आले. लक्ष्मीधराचे विनोद फसले तर दोन पदांमधला वेळ जड होतो.

दुसरे पात्र काय करते? भामिनी गात असताना धैर्यधर पुतळ्यासारखा उभा आहे की ऐकतो आहे? तबकडीत हे कधीच कळत नाही. प्रयोगाला जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

काटछाट. आजचे प्रयोग साधारण तीन तासांत बसवतात, त्यामुळे निम्मी किंवा त्याहून जास्त पदे गळतात. कोणती ठेवली, यावरून दिग्दर्शकाला नाटक कशाबद्दल वाटते ते कळते. फक्त प्रसिद्ध पदे ठेवून मधली गोष्ट गाळली असेल, तर तो नाट्यप्रयोगापेक्षा वेशभूषेतला गाण्यांचा कार्यक्रम होतो.

चित्रपटातून ओळख

२०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांनी मुख्य भूमिका केली आणि आनंद भाटे यांनी पदे गायली. भाटे यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या काळचे नेपथ्य, अत्तर, भरजरी शालू आणि कर्ज यांचे चित्र डोळ्यांसमोर येण्यासाठी हा चित्रपट चांगला आहे.

१० जानेवारी २०२५ रोजी 'संगीत मानापमान' याच नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे आणि संगीत शंकर–एहसान–लॉय यांचे आहे. नाटकाच्या गोष्टीवर तो बेतलेला आहे, पण मूळ नाटकाचे ते चित्रीकरण नाही. गोष्ट आणि पात्रे ओळखीची होण्यासाठी तो पाहावा आणि मग जुन्या ध्वनिमुद्रणांकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास तुलनाच होत राहते आणि दोन्हींचा आनंद कमी होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुनी ध्वनिमुद्रणे इंटरनेटवरून घेणे कायदेशीर आहे का?
भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे टिकतो. लेखकाच्या लेखनाचा कॉपीराइट त्याच्या निधनानंतर ६० वर्षे असतो. खाडिलकर १९४८ साली वारले, त्यामुळे नाटकाची संहिता आणि पदे आता खुली आहेत. बालगंधर्व आणि दीनानाथ यांच्या काळात निघालेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही खुल्या झाल्या आहेत. गेल्या काही दशकांतली ध्वनिमुद्रणे मात्र कंपन्यांच्या मालकीची आहेत.

बालगंधर्वांची काही ध्वनिमुद्रणे कमी चांगली का वाटतात?
ती वेगवेगळ्या वयातली आहेत. तरुणपणचा आणि उतारवयातला आवाज सारखा नसतो. शक्यतो ध्वनिमुद्रणाचे वर्ष पाहून ऐकावे. एका ध्वनिमुद्रणावरून मत बनवू नये.

शाळेत किंवा गावात हे नाटक करता येईल का?
पूर्ण नाटक गायक नसतील तर अवघड आहे. पण भामिनीने केलेला अपमान, वनमाला आणि धैर्यधर यांची भेट, लक्ष्मीधराची फजिती असे तीन-चार प्रवेश आणि त्यांतली चार पदे घेतली तर तासाभराचा चांगला कार्यक्रम होतो. भजनी मंडळातला पेटीवाला आणि तबलजी साथीला पुरतात. पदे लहान ठेवावीत आणि प्रवेश पूर्ण करावेत. नेमके उलटे केले की प्रेक्षक कंटाळतो.

फक्त एकच पद ऐकायचे असेल तर?
बालगंधर्वांचे 'खरा तो प्रेमा'. खऱ्या प्रेमात लोभाला जागा नसते, हा नाटकाचा गाभा त्यात आहे आणि तो भामिनीच्या तोंडी आहे. पैशावरून माणूस तोलणारी मुलगी हे म्हणते, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून ते ऐकले तर तीन मिनिटांच्या तबकडीतही नाटक सापडते.